‘मु.’ आणि ‘पो.’ यांच्यामधलं अंतर कोण चालणार?

खेड्यातला पत्ता लिहिताना आपण नावाखाली ‘मु.’ आणि ‘पो.’ अशी दोन अक्षरं लिहितो. ‘मु.’ म्हणजे मुक्काम, माणूस राहतो ती वाडी किंवा गाव. ‘पो.’ म्हणजे त्या वाडीचं टपाल ज्या पोस्टात येतं ते गाव. दोन्ही एकच असतील तर ‘मु.पो.’ असं जोडून लिहायचं, नाहीतर वेगवेगळं. या दोन अक्षरांमध्ये कुठे एक किलोमीटर असतो, तर कुठे ओढा आणि दोन टेकड्या. टपाल क्षेत्र स्पर्धेला खुलं करायचं म्हटलं की जगभर जो वाद होतो, तो याच पट्ट्याबद्दलचा असतो. ‘पो.’पर्यंत टपाल न्यायला बरेच जण तयार असतात. तिथून पुढे ‘मु.’पर्यंत कोण जाणार आणि त्याची मजुरी कोण देणार, यावर घोडं अडतं.

आपल्याकडे हा प्रश्न दोन ताज्या बदलांमुळे समोर आला आहे. १८ जून २०२४ पासून ‘पोस्ट ऑफिस कायदा, २०२३’ लागू झाला आणि १८९८ चा जुना कायदा गेला. पत्रं वाहून नेण्याचा सरकारचा एकाधिकारही त्याबरोबर संपला. नंतर २०२५ मध्ये देशांतर्गत रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा बंद होऊन स्पीड पोस्टात मिसळली. पहिल्या बदलाची फारशी चर्चा झाली नाही, दुसऱ्यावर लोक हळहळले. खरं तर दोन्ही एकाच धाग्यातले आहेत.

पोस्टाचा खर्च नेमका कुठे होतो

पत्राचा प्रवास चार टप्प्यांत होतो. पेटीतून किंवा काउंटरवरून ते गोळा होतं, मग त्याचं सॉर्टिंग होतं, मग रेल्वे, ट्रक किंवा विमानानं त्याची थैली दुसऱ्या गावी जाते आणि शेवटी पोस्टमन ते दारात देतो. या शेवटच्या टप्प्याला टपाल खात्यात ‘बटवडा’ म्हणतात. सगळ्यात जास्त खर्च त्याच्यावर होतो. गोळा करणं, छाटणं, नेणं ही कामं घाऊक होतात आणि एका थैलीत हजार पत्रं मावतात. बटवडा मात्र एकेका दाराशी जाऊन करावा लागतो.

बटवड्याचं अर्थकारण दाटीवर चालतं. पोस्टमनची रोजची ठरलेली फेरी म्हणजे ‘बीट’. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत पोस्टमन एकदा शिरला की तिथे पाच पत्रं दिली काय आणि पंचवीस दिली काय, त्याचा वेळ जवळपास तेवढाच जातो. वाडीवर एका पत्रासाठी तासभराची चाल असू शकते. म्हणून शहरातल्या बीटमध्ये दर पत्रामागचा खर्च थोडा येतो, वाडीवर तो कित्येक पट होतो. तिकिटाचा दर मात्र दोन्हीकडे एकच असतो.

एकच दर का, यामागे इतिहास आहे. टपालसुधारक रोलंड हिल यांनी ब्रिटनमध्ये दाखवून दिलं की पत्राच्या खर्चात अंतराचा वाटा अगदी किरकोळ असतो. अंतर मोजून दर ठरवण्यात आणि तो पत्र घेणाऱ्याकडून वसूल करण्यातच जास्त पैसा जातो. त्यातून १८४० मध्ये तिथे एक पेनीचा समान दर आला. हिंदुस्थानात १८५४ मध्ये पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग पत्र देशात कुठेही जावो, असा दर ठरला. अंतराबद्दल हिल यांचं म्हणणं आजही खरं आहे. मुंबईहून दिल्लीला थैली नेणं स्वस्तच पडतं. महाग पडते ती शेवटची वाट.

एसटी, वडाप आणि साय

एसटी आणि वडाप यांचं नातं ज्यानं पाहिलंय त्याला हे लगेच उमगेल. तालुक्याच्या गावापासून बाजारपेठेच्या गावापर्यंतचा रस्ता भरलेला असतो. तिथे वडापची जीप येते, सीटा भरल्या की सुटते आणि दिवसभर पैसे मिळवते. फाट्यापासून आतल्या वाडीची मुक्कामी गाडी मात्र एसटीचीच असते, निम्मी रिकामी. वडापवाला काही चोरत नाही, उलट लोकांची सोयच करतो. पण त्या भरलेल्या रस्त्याच्या कमाईवर वाडीची रिकामी गाडी चालत होती. ती कमाई गेली की एक दिवस वाडीची फेरी बंद झाल्याची पाटी लागते.

टपालात असंच होतं. दुधावरची साय आधी काढून नेली की उरलेल्या दुधाचा भाव बदलतो. समजण्यापुरता एक सोपा हिशेब मांडू, यातले आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. समजा रोजची १०० पत्रं आहेत. शहरातल्या ८० पत्रांना प्रत्येकी ३ रुपये खर्च येतो, म्हणजे २४० रुपये. वाड्यांवरच्या २० पत्रांना प्रत्येकी १५ रुपये, म्हणजे ३०० रुपये. एकूण ५४० रुपये, दर पत्रामागे सरासरी ५ रुपये ४० पैसे. हाच समान दर ठेवला तर पोस्ट ना नफा ना तोटा चालतं.

आता एक कुरिअरवाला शहरातली ४० पत्रं ४ रुपयांत न्यायला लागला. पोस्टाची शहरातली पत्रं निम्मी झाली, पण खर्च निम्मा होत नाही, कारण पोस्टमनला त्याच गल्ल्या फिराव्या लागतात. २४० चे फार तर १८० होतील. वाड्यांचे ३०० तसेच राहतात. म्हणजे ६० पत्रांवर ४८० रुपये खर्च, सरासरी ८ रुपये. पोस्टानं दर ८ रुपये केला की शहरातलं आणखी गिऱ्हाईक सुटतं आणि दर पुन्हा वाढवावा लागतो. या उताराला मधे थांबा नसतो.

मक्तेदारी कशासाठी होती, आणि कशी झिजली

हा उतार सुरूच होऊ नये म्हणून जगभरच्या सरकारांनी पत्रं नेण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला. कंपनी सरकारनं १८३७ च्या कायद्यानं तो घेतला आणि १८९८ च्या कायद्याच्या कलम ४ नं पुढे चालवला. मित्राहाती पाठवलेली चिठ्ठी, स्वतःच्या कामासाठी धाडलेला निरोप्या अशा थोड्या सवलती होत्या. बाकी कुणी मोबदला घेऊन पत्र नेलं तर दर पत्रामागे ५० रुपयांपर्यंत दंड होता.

मग इतकी वर्षं गल्लोगल्ली कुरिअरची दुकानं कशी चालली? त्या कायद्यात ‘पत्र’ म्हणजे काय याची व्याख्याच नव्हती. कुरिअर कंपन्या पावतीवर ‘डॉक्युमेंट’ किंवा ‘पार्सल’ लिहीत राहिल्या आणि कामं चालत राहिली. मक्तेदारी कागदावर होती, बाजारातून ती केव्हाच गेली होती. म्हणून २०२३ च्या कायद्यानं मोठा हक्क काढून घेतला असं मानायचं कारण नाही. जे उरलंच नव्हतं ते कायद्यातून पुसलं, एवढंच. आता पोस्टाकडे एकच खास हक्क उरला आहे, टपाल तिकिटं काढण्याचा.

काळजीची जागा वेगळी आहे. मक्तेदारीत हक्काच्या बदल्यात कर्तव्य होतं: शहरातली कमाई तुम्ही घ्या, त्या बदल्यात वाडीवर जा. हक्क कायद्यात लिहिलेला होता, कर्तव्य मात्र रिवाजानं पाळलं जात होतं. हक्क गेला आणि कर्तव्य रिवाजावरच राहिलं. आठवड्यातून किती दिवस बटवडा, घरापासून पोस्ट किती अंतरावर, कोणत्या दरात आणि किती दिवसांत पत्र पोचायला हवं, यातलं काहीच नव्या कायद्यात किमान हमी म्हणून लिहिलेलं नाही.

‘हमी’ म्हणजे नेमकं काय

या क्षेत्रात एक संज्ञा सतत येते: सार्वत्रिक टपाल सेवा. देशातल्या प्रत्येक ठिकाणी, कायमस्वरूपी, ठरावीक दर्जाची, परवडणाऱ्या दरातली मूलभूत टपालसेवा, असा तिचा अर्थ. जागतिक टपाल संघाच्या करारात हे शब्द आहेत आणि भारत १८७६ पासून त्या संघाचा सभासद आहे. यापुढे या लेखात तिला नुसतं ‘हमी’ म्हणू.

हमी खरी आहे की पोकळ, हे ती आकड्यांत बोलते का यावरून कळतं. युरोपीय संघाच्या १९९७ च्या निर्देशात आठवड्यातून किमान पाच दिवस गोळा करणं आणि बटवडा, असं लिहिलेलं आहे. आपल्याकडे आकडे अगदीच नाहीत असं नाही, पण ते खात्याच्या अंतर्गत निकषांत आहेत. शाखा डाकघर उघडायला साधारण ग्रामीण भागात ३,००० लोकवस्ती लागते, डोंगरी आणि आदिवासी भागात ५०० चालते. जवळच्या पोस्टापासून अंतर किमान ३ किलोमीटर हवं. उत्पन्न साध्या भागात खर्चाच्या किमान एक तृतीयांश आणि दुर्गम भागात १५ टक्के असलं तरी चालतं. हा शेवटचा निकष नीट वाचा. शंभर रुपये खर्चून पंधरा मिळाले तरी पोस्ट उघडायचं, असं सरकारनंच ठरवलेलं आहे. उरलेले पंच्याऐंशी कुठून येणार, हे मात्र त्यात नाही.

देशातल्या सुमारे १ लाख ६५ हजार पोस्टांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास ग्रामीण आहेत. त्यांतली बहुतेक शाखा डाकघरं ग्रामीण डाकसेवक चालवतात. त्यांचं काम रोज चार किंवा पाच तासांचं धरलेलं असतं. २०१८ च्या सुधारणेत ब्रँच पोस्टमास्तरचा सुरुवातीचा भत्ता चार तासांना १२,००० आणि पाच तासांना १४,५०० रुपये ठरला. म्हणजे ‘पो.’ ते ‘मु.’ ही वाट आज बरीचशी कमी मजुरीच्या अर्धवेळ माणसांच्या पायांवर चालते. हमीचा पहिला गुप्त खर्च तेच सोसतात.

पैसा आणण्याचे रस्ते

मक्तेदारी नको आणि हमी हवी, असं ठरलं की खर्च भागवण्याचे रस्ते मोजकेच उरतात.

एक म्हणजे हक्क पायरीपायरीनं आवळायचा. युरोपनं तसं केलं. सुरुवातीला ३५० ग्रॅमपर्यंतची पत्रं सरकारी पोस्टासाठी राखीव होती. २००३ पासून मर्यादा १०० ग्रॅमवर आली, २००६ पासून ५० ग्रॅमवर. २०१० अखेर बहुतेक देशांत आणि २०१२ अखेर उरलेल्या देशांत ती पूर्ण उठली. यात जुन्या पोस्टाला सॉर्टिंगची यंत्रं घ्यायला आणि हिशेब सुधारायला वेळ मिळाला. पण हा रस्ता तात्पुरता होता, शेवटी राखीव काही उरलंच नाही.

दुसरा म्हणजे सगळ्यांकडून वर्गणी. हे भारतानं टेलिफोनमध्ये करून पाहिलं आहे. खाजगी कंपन्यांना परवाने देताना त्यांच्या समायोजित महसुलाचे ५ टक्के एका निधीत घेतले आणि त्यातून दुर्गम भागातल्या टॉवरना पैसा दिला. आता त्या निधीचं नाव ‘डिजिटल भारत निधी’ आहे. टपालात तसं करायचं तर आधी कुरिअर कंपन्यांची नोंदणी हवी आणि कोणाची उलाढाल किती ते कळायला हवं. नव्या कायद्यात तशी सोय नाही. शिवाय निधीत पैसा जमतो पण वेळेवर खर्च होत नाही, हा टेलिफोनचा अनुभवही विसरून चालणार नाही.

तिसरा म्हणजे जुन्या पोस्टाचा शेवटचा टप्पा सगळ्यांना भाड्यानं द्यायचा. चौथा, सरकारनं हमी थेट विकत घ्यायची, करार करून किंवा निविदा काढून. या दोन्ही रस्त्यांचे धडे जरा निवांत पाहण्यासारखे आहेत.

ब्रिटन: रस्ता एकाचा, गाड्या सगळ्यांच्या

ब्रिटननं १ जानेवारी २००६ पासून टपाल बाजार पूर्ण खुला केला. नव्या कंपन्यांनी देशभर पोस्टमन नेमले नाहीत. बँका आणि वीजकंपन्यांची ठोक पत्रं त्या गोळा करायच्या, आपल्या यंत्रावर छाटायच्या आणि जुन्या सरकारी पोस्टाच्या, म्हणजे रॉयल मेलच्या केंद्रावर आणून द्यायच्या. पुढचा बटवडा रॉयल मेलचा पोस्टमन करायचा आणि त्याचं भाडं त्या भरायच्या. थोडक्यात, ‘पो.’पर्यंत स्पर्धा आणि ‘पो.’ ते ‘मु.’ एकाच्याच हाती. यात दाटी टिकते, कारण पत्र कोणीही गोळा करो, शेवटी ते त्याच पोस्टमनच्या पिशवीत येतं.

यात सगळा खेळ भाड्याचा. भाडं फार कमी ठेवलं तर हमी देणारा बुडतो आणि फार जास्त ठेवलं तर स्पर्धक संपतो. २०१२ पासून एका कंपनीनं, म्हणजे आधीची टीएनटी पोस्ट आणि नंतरची व्हिसल हिनं, लंडनमध्ये आणि मग मँचेस्टर, लिव्हरपूलमध्ये स्वतःचे पोस्टमन उतरवले. दाट शहरं स्वतः करायची, बाकीचा देश रॉयल मेलवर. रॉयल मेलनं २०१४ मध्ये भाड्याची नवी रचना जाहीर केली. तिच्यात काही भागांत स्वतः बटवडा करणाऱ्याला उरलेल्या भागांसाठी जास्त भाडं पडणार होतं. गुंतवणूकदार मागे सरला आणि २०१५ मध्ये व्हिसलनं तो बटवडा बंद केला. नियामक ऑफकॉमनं २०१८ मध्ये ही रचना स्पर्धा मारणारी ठरवून रॉयल मेलला ५ कोटी पौंड दंड केला.

दोन्ही बाजूंचं म्हणणं समजून घेण्याजोगं आहे. साय जाऊ देऊ नये, ही रॉयल मेलची भीती खरी होती. पण रस्ता ज्याच्या मालकीचा, त्याच्याच गाड्या त्यावर धावत असतील तर टोल त्यानं एकट्यानं ठरवू नये, हेही खरं. म्हणून वेगळा नियामक लागतो. आपल्याकडे टपालासाठी तो नाही. टेलिफोनला ट्राय आहे. टपालात सेवा देणारं खातं आणि तिचे नियम करणारं खातं एकच आहे.

ब्रिटनची पुढची गोष्ट स्पर्धेपेक्षा मोठ्या कारणाची आहे. २००४-०५ मध्ये तिथे वर्षाला सुमारे २,००० कोटी पत्रं जायची, २०२३-२४ मध्ये ६७० कोटींच्या आसपास उरली. पहिल्या वर्गाचं तिकीट २०१३ मध्ये ६० पेन्सला होतं, एप्रिल २०२५ पासून ते १ पौंड ७० पेन्सला झालं. या वर्गाची ९३ टक्के पत्रं दुसऱ्या दिवशी पोचावीत असं बंधन असताना २०२४-२५ मध्ये ७७ टक्केच पोचली आणि पुन्हा मोठा दंड झाला. जुलै २०२५ पासून दुसऱ्या वर्गाची पत्रं दिवसाआड वाटायची परवानगी मिळाली. मोठी दाटी शेजारच्या कुरिअरनं पळवली नव्हती, ईमेलनं पळवली होती.

न्यूझीलंड आणि डेन्मार्क: करार आणि त्याचा शेवट

न्यूझीलंडनं १९९८ मध्ये मक्तेदारी उठवली, तेव्हाच सरकार आणि पोस्ट यांच्यात लेखी करार झाला: किती दारांपर्यंत, आठवड्यातून किती दिवस. पत्रं घटत गेली तशी वाटाघाटी करून कलमं बदलली. २०१३ च्या बदलात शहरात आठवड्यातून किमान तीन दिवस आणि ग्रामीण भागात पाच दिवस ठरले. खेड्याला जास्त दिवस, हे वाचून नवल वाटेल. पण ज्याला दुसरा पर्याय नाही त्याला जास्त हमी, हा त्यामागचा विचार आहे आणि तो अगदी रास्त आहे.

डेन्मार्क दुसऱ्या टोकाला गेला. २००० पासून तिथली पत्रं ९० टक्क्यांहून जास्त घटली. जानेवारी २०२४ च्या कायद्यानं बाजार पूर्ण खुला केला आणि जुन्या पोस्टावरचं बंधनही काढलं. साध्या पत्राला २९ क्रोनर पडू लागले. पोस्टनॉर्डनं, म्हणजे तिथल्या जुन्या पोस्टानं, २०२५ च्या शेवटी पत्रांचा बटवडा थांबवला आणि सुमारे १,५०० लाल टपालपेट्या काढल्या. आता दाओ नावाची खाजगी कंपनी पत्रं वाटते. तरीही छोटी बेटं आणि अंधांसाठीचं साहित्य यांची जबाबदारी सरकारनं सोडली नाही, ती सेवा ते पैसे देऊन विकत घेतं. बाजार जिथे जाणार नाही ती ठिकाणं नावानिशी लिहून काढायची आणि तेवढीच विकत घ्यायची, ही पद्धत प्रामाणिक आहे. पण डेन्मार्कमध्ये सरकारी पत्रव्यवहार बहुतेक डिजिटल पेटीत जातो. ती पायरी चढल्याशिवाय त्यांची नक्कल करणं धोक्याचं ठरेल.

‘पत्रं येतात कुठे आता?’

ख्यालीखुशालीची पत्रं गेली, हे खरं. आता येतात ती आधार कार्डं, मतदार ओळखपत्रं, एटीएम कार्डं, नेमणुकीची पत्रं, बँकेच्या वसुलीच्या आणि कोर्टाच्या नोटिसा. संख्या कमी, पण एकेका लिफाफ्याचं वजन वाढलं आहे. शेजाऱ्यानं जमिनीच्या मोजणीचा अर्ज केला की भूमी अभिलेख कार्यालय लगतच्या कब्जेदारांना तारखेची नोटीस धाडतं. ती तारीख उलटून गेल्यावर पोचली तर मोजणी तुमच्या गैरहजेरीत झालेली असते.

त्यात कायद्याचा एक बारकावा आहे. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड कायद्याच्या कलम २७ नुसार, बरोबर पत्ता लिहून, पैसे भरून रजिस्टरनं टाकलेलं पत्र नेहमीच्या वेळात पोचलं असं धरलं जातं. पोचलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. कायदा पोस्टावर इतका विश्वास टाकतो, तर ते पोस्ट खरोखर दारापर्यंत जातं याची लेखी हमीही त्याच कायदेमंडळानं द्यायला हवी.

‘कुरिअर तर सगळीकडे पोचतं’

कुरिअर कंपन्या पिनकोडांची संख्या सांगतात. देशात बटवड्याचे सुमारे १९ हजार पिनकोड आहेत, त्यामुळे आकडा भारी वाटतो. पण एका पिनकोडात कितीतरी गावं आणि वाड्या असतात. पिनकोडला पोचणं म्हणजे ‘पो.’ला पोचणं. त्यापुढच्या पत्त्यांना कुरिअरच्या धंद्यात ‘ओडीए’ म्हणतात, म्हणजे नेहमीच्या बटवड्याच्या हद्दीबाहेरचा पत्ता. त्याला जादा आकार लागतो, नाहीतर फोन येतो: ‘पार्सल तालुक्याला आलंय, घेऊन जा.’ त्या जाण्यायेण्याला जीपचं भाडं आणि मोडलेली मजुरी पडते. ती रक्कम कुठल्याही दरपत्रकात दिसत नाही.

‘दूर राहणाऱ्यानं जास्त पैसे द्यावेत’

टपालाचे पैसे बहुधा पाठवणारा देतो. मुंबईतली बँक लाखो लिफाफे धाडते तेव्हा एकच दर असल्यामुळे तिला प्रत्येक पत्त्याचा वेगळा हिशेब करावा लागत नाही. समान दराचा फायदा शहरातल्या पाठवणाऱ्यालाही होतो. शिवाय दर दुर्गमतेवर ठरला तर सगळ्यात आधी परीक्षेचं प्रवेशपत्र, कर्जाचा कागद, औषधाचं पार्सल वाडीवर धाडणारेच हात आखडता घेतील.

मात्र समान दर म्हणजे तोट्याचा दर नव्हे. पोस्टकार्ड वर्षानुवर्षं ५० पैशांना आहे. काही वर्षांपूर्वी खात्याच्याच वार्षिक अहवालात त्यावरचा खर्च १२ रुपयांच्या वर दाखवला होता. दर इतका खाली गोठवून ठेवणं ही गरिबाला मदत वाटते, पण खात्याची तूट फुगते आणि त्या तुटीचं कारण सांगून पुढे वाडीचा बटवडा आखडता घेतला जातो.

‘स्पर्धेनंच पोस्ट सुधारेल’

काही अंशी हे खरं आहे. १९८६ मध्ये स्पीड पोस्ट आलं ते कुरिअर हातपाय पसरत असतानाच. ट्रॅकिंग, मोबाइलवर संदेश, ओटीपी दाखवून बटवडा, या सोयी लोकांनी आधी खाजगी सेवेत पाहिल्या. पण स्पर्धा सुधारते ती जिथे गिऱ्हाईक आहे तिथली सेवा.

रजिस्टर पोस्टाचं उदाहरण घ्या. पूर्वी २० ग्रॅमचं पत्र रजिस्टर करायला ५ रुपये टपाल आणि १७ रुपये नोंदणी, असे २२ रुपये लागायचे. ऑक्टोबर २०२५ च्या दरपत्रकात स्पीड पोस्ट ५० ग्रॅमपर्यंत त्याच शहरात १९ रुपये आणि बाहेर कुठेही ४७ रुपये आहे, नोंदणीचे ५ रुपये वेगळे. जीएसटी सोडून बाहेरगावी २२ चे ५२ झाले. वेग वाढला, ट्रॅकिंग आलं, ५० ग्रॅमपर्यंत बाहेरगावी सगळीकडे एकच दर राहिला, हे चांगलंच. पण ज्याला घाई नाही, फक्त पोचपावतीचा पुरावा हवा आहे, त्याचा स्वस्त पर्याय गेला. म्हणून हमी लिहिताना ‘टपाल’ एवढाच शब्द पुरत नाही. तिच्यात साधं पत्र, एक परवडणारं पुराव्याचं पत्र आणि ठरावीक वजनापर्यंतचं पार्सल, असं वेगवेगळं नमूद करावं लागतं.

तूट मोजायची कशी

हमीचा खर्च म्हणजे खात्याची सगळी तूट नव्हे. युरोपात दोन वह्या मांडतात. एका वहीत आजचं पोस्ट, दुसऱ्या वहीत हमीचं बंधन नसतं तर ते कसं चाललं असतं याचा अंदाज: कोणती पोस्टं बंद झाली असती, कोणत्या बीटवर आठवड्यातून दोनदाच फेरी झाली असती. दोन वह्यांतला फरक काढायचा. सगळीकडे असण्यामुळे पोस्टाला जो फायदा मिळतो तो त्यातून वजा करायचा. उरेल तेवढीच हमीची किंमत.

आपल्याकडे हे अवघड आहे, कारण शाखा डाकघराच्या त्या पाच तासांत पत्रं हे एकच काम नसतं. बचत खाती, आरडी, सुकन्या समृद्धी, आधारच्या अंगठ्यावर पैसे काढून देणं, रोजगार हमीची मजुरी, सगळं त्याच टेबलावर चालतं. पोस्टमास्तरचा सगळा पगार पत्रांच्या खात्यात टाकला तर टपाल पांढरा हत्ती दिसतं. सगळा बचतीच्या खात्यात टाकला तर टपाल फुकट पडल्यासारखं दिसतं. कोणत्या कामाला किती मिनिटं लागली, याची प्रामाणिक नोंद झाल्याशिवाय निधी, वर्गणी, अनुदान यांवरचा कुठलाही आकडा हवेतला आहे. एके काळी मुंबईच्या गिरण्यांतून कोकणात जाणाऱ्या मनीऑर्डरींनी पत्रांची वाट पोसली. आज ते काम बचत खाती आणि आधारचे व्यवहार करत असतील, तर ते हिशेबात दिसायला हवं.

नियमांत काय लिहायला हवं

कायदा पुन्हा बदलण्याची गरज नाही, सेवा ठरवण्याचे नियम सरकारला करता येतात. त्यांत बटवड्याचे किमान दिवस हवेत, आणि न्यूझीलंडसारखे ते दुर्गम भागाला जास्त असले तर उत्तम. अपवाद उघड लिहावेत: गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा बटवडा थांबणार हे सगळ्यांना कळतं. पण पाणी ओसरल्यावर किती दिवसांत साठलेलं टपाल वाटायचं, हे लिहिता येतं. खर्चाचा आकडा दर वर्षी संसदेपुढे वेगळा मांडावा आणि अर्थसंकल्पात त्याच नावानं तेवढी रक्कम यावी, सरसकट तुटीत लपून नव्हे. खाजगी कंपन्यांना शेवटचा टप्पा भाड्यानं द्यायचा तर भाडं खात्याबाहेरच्या कोणीतरी ठरवावं.

आणि मोजणी. युरोपात यासाठी चाचणीची पत्रं वापरतात. खात्याशी संबंध नसलेली संस्था देशभरातल्या सामान्य लोकांना एकमेकांना पत्रं टाकायला सांगते. पेटीत टाकल्याचा दिवस एक जण लिहितो, हातात पडल्याचा दिवस दुसरा. आपल्या ट्रॅकिंगवर जी वेळ दिसते ती यंत्रात नोंद केल्याची असते आणि साध्या पत्राला तर तेवढीही नोंद नसते. अशी चाचणी इथे सुरू झाली तर पत्र घेणारी माणसं निवडताना फक्त ‘मु.पो.’ जोडून लिहिणारी निवडू नयेत. ज्यांच्या पत्त्यात ‘मु.’ वेगळं आणि ‘पो.’ वेगळं आहे, अशा घरांचा वेगळा गट करावा आणि त्यांचे दिवस वेगळ्या रकान्यात छापावेत.